बोअर, परवाना आणि नेम : पनवेल परिसरातील रायफलींचा इतिहास

जुन्या लष्करी रायफलींचा, त्यातही निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी वापरल्या गेलेल्या रायफलींचा संग्रह करणे हा युरोप-अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आणि प्रतिष्ठित छंद मानला जातो. स्वित्झर्लंडमध्ये नागरी सेनेतील सैनिक सेवा संपल्यावर आपली रायफल अटी पाळून स्वतःकडे ठेवू शकतो, ब्रिटनमध्ये रायफल क्लबचे सभासद पहिल्या महायुद्धातील ली-एनफिल्डने आजही स्पर्धा खेळतात, आणि अमेरिकेत १९०३ पासून चालत आलेल्या सरकारी उपक्रमातून सैन्याच्या निवृत्त रायफली नागरी नेमबाजांच्या घरी पोहोचल्या. महाराष्ट्रात हा छंद जवळजवळ रुजलाच नाही. याचे कारण शस्त्रांविषयीच्या अनास्थेत शोधता येत नाही, कारण गावोगावी भरणाऱ्या शस्त्रप्रदर्शनांना होणारी गर्दी वेगळीच साक्ष देते. मात्र त्या प्रदर्शनांत तलवारी, दांडपट्टे, कट्यारी, गुर्ज आणि फार तर कोपऱ्यात एखादी तोड्याची बंदूक दिसते, आणि १८५७ नंतरच्या काळातले शस्त्र जवळजवळ कधीच दिसत नाही. शस्त्रसंग्रहाची ही रेषा जिथे थांबते तिथे कायद्याची रेषा सुरू होते, आणि ती कशी आखली गेली हे पाहण्यासाठी रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

पनवेल हे मुंबई आणि घाटमाथा यांच्या मधले ठाणे. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी, व्यापारी आणि सैनिक खाडीमार्गाने पनवेलच्या बंदराला उतरे आणि तिथून खोपोलीमार्गे बोरघाट चढे; मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० मध्ये हा घाट चाकांच्या वाहतुकीसाठी खुला केल्यावर तोफा, दारूगोळा आणि पलटणी यांची ये-जा अधिक सुकर झाली. या वाटेवर नजर ठेवणारा कर्नाळा किल्ला जानेवारी १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या फौजेने घेतला होता, आणि त्यानंतर चार-पाच महिन्यांत रायगडही पडला. त्या लढायांत दोन्ही बाजूंच्या हाती असलेल्या बंदुकींमध्ये मूलभूत फरक फारसा नव्हता. तोड्याच्या बंदुकीत जळत्या वातीने आणि चकमकीच्या बंदुकीत गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटे, पण नळी दोन्हींची आतून गुळगुळीत असे, आणि अशा नळीतून सुटलेली गोळी शंभर पावलांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा कोणालाच देता येत नसे. कोकणच्या किल्ल्यांचा निकाल लावला तो तोफांनी, पैशाने आणि फितुरीने. बंदुकीच्या अचूकपणाला त्या काळच्या युद्धात फारसे स्थान नव्हते.

हे स्थान रायफलने मिळवून दिले. रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून पेचदार खाचा कापलेल्या असतात अशी बंदूक. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरणारी गोळी दिशा सोडत नाही. हे तत्त्व जुनेच होते, पण खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासून भरायला वेळ लागत असल्याने साध्या शिपायाच्या हाती ते देता येत नव्हते. उडताना तळाकडून फुगून खाचांत बसणारी लांबट गोळी निघाल्यावर ही अडचण सुटली, आणि १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल, जिच्या नळीचा अंतर्व्यास म्हणजे बोअर .५७७ इंच होता, ब्रिटिश पायदळाचे नेहमीचे शस्त्र बनली. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ मध्ये काय घडले हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर काय घडले याची मात्र चर्चा कमी होते. उठावाचा बीमोड झाल्यावर हिंदी पलटणींसाठी बाहेरून हुबेहूब एनफिल्डसारखी दिसणारी, पण खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक मुद्दाम तयार करून घेण्यात आली. पुढे हिंदी शिपायाला रायफल मिळाली तरी ती नेहमी एक पिढी मागची असे: गोऱ्या पलटणीला मागच्या बाजूने भरायची स्नायडर आल्यावर हिंदी पलटणीला एनफिल्ड, गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री आल्यावर हिंदी शिपायाला स्नायडर. अविश्वासाचे इतके काटेकोर मोजमाप प्रशासनाच्या इतिहासात फार ठिकाणी आढळत नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये रायफलची नेमबाजी हा नागरी खेळ म्हणून उभा राहत होता. फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने १८५९ मध्ये तिथे नागरी स्वयंसेवकांची पथके निघाली, त्यांना सराव मिळावा म्हणून राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, आणि जुलै १८६० मध्ये विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने आधारावर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढून पहिली गोळी झाडली. लष्करी नमुन्याची रायफल, ठरलेले अंतर, ठरलेले लक्ष्य आणि चषक ही आज परिचित असलेली चौकट तिथे तयार झाली. तिच्यात मराठी मुलखाचा वाटा थेट आणि अगदी आरंभापासूनचा आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला इटलीतील फ्लॉरेन्स येथे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी निधन पावले. तिथल्या आर्नो नदीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी आजही त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या नावाने दिलेल्या चषकासाठी १८७१ पासून सांघिक सामना सुरू झाला. पुढे ही स्पर्धा विम्बल्डनहून बिझली येथे हलली, आणि कोल्हापूर नावाच्या इंग्रजी उच्चाराने ओळखला जाणारा हा सामना ब्रिटन आणि राष्ट्रकुलातील देशांचे आठ-आठ नेमबाजांचे संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरून आजही खेळतात. मराठी राजाच्या नावाच्या चषकावर कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या नेमबाजांची नावे कोरली जात असताना त्या राजाच्या प्रजेला मात्र तो खेळ खेळण्याची मुभा राहिली नव्हती, ही या विषयातली सर्वांत बोलकी विसंगती म्हणावी लागेल.

ती मुभा काढून घेणारी पायरी म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ चा शस्त्र कायदा. १८५७ च्या धामधुमीत केलेले निःशस्त्रीकरणाचे कायदे तात्पुरत्या स्वरूपाचे होते. १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे, नेणे किंवा विकणे हा देशभर कायमचा गुन्हा ठरवला आणि त्यातून युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना मोकळे ठेवले. स्वयंसेवक पथकांचे दरवाजेही व्यवहारात हिंदी लोकांना बंद होते. मुंबई बेटावर आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांत अशी पथके होती, त्यांचे चांदमारीचे सराव होत, बक्षिसे वाटली जात. पण त्या रांगेत एखादा मराठी वकील किंवा शाळामास्तर उभा राहू शकत नव्हता. राष्ट्रीय सभेने, म्हणजे काँग्रेसने, आपल्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांत मांडलेल्या मागण्यांत हिंदी लोकांना स्वयंसेवक म्हणून घेण्याची आणि शस्त्र कायदा बदलण्याची मागणी आहे, ही गोष्ट पुढच्या पिढ्यांना नवलाची वाटते. सनदी नोकऱ्या आणि करवाढ यांच्याबरोबरीने हा प्रश्न तेव्हाच्या नेमस्तांनाही जिव्हाळ्याचा वाटला, कारण परवाना नाकारणे म्हणजे नागरिकत्वच नाकारणे हे त्यांनी नेमके ओळखले होते.

कायदा होऊन वर्ष लोटते न लोटते तोच त्याची कसोटी पनवेल परिसरात लागली. कर्नाळ्याच्या पायथ्याजवळच्या शिरढोण गावात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते, म्हणजे ज्या यंत्रणेकडून पलटणींचा खर्च मोजला जाई तिच्याच टेबलावर त्यांनी अनेक वर्षे काढली. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी दांडपट्टा, तलवार आणि निशाणेबाजी यांचे धडे घेतले. १८७६-७७ च्या दुष्काळातील लोकांचे हाल पाहून त्यांनी रामोशी आणि इतर साथीदारांना घेऊन फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथे पहिला छापा घातला. या उठावातील कोकणची बाजू त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी सांभाळली: १० आणि ११ मे १८७९ च्या सुमारास त्यांच्या टोळीने पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली या गावांवर छापे घातले, दीड लाखाच्या आसपास ऐवज मिळवला, आणि घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियल याच्या तुकडीने गाठून दौलतरावांना गोळी घातली. फडके जुलैमध्ये विजापूरकडच्या मुलखात पकडले गेले, त्यांना एडनला पाठवण्यात आले आणि तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

या घटनाक्रमाकडे शस्त्रांच्या अंगाने पाहिले तर उठावाचा शेवट इतक्या लवकर का झाला हे उमजते. तलवारी, भाले आणि मिळतील तशा ठासणीच्या बंदुका घेऊन निघालेल्या माणसांना मागून भरायच्या रायफलींशी सामना करावा लागत होता. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची आणि मग बत्तीच्या जागी टोपी बसवायची असते. या सगळ्या खटाटोपाला सरावलेल्या हातालाही पाव मिनिटाहून अधिक वेळ लागतो आणि तो उभे राहून करावा लागतो. मागून भरायच्या रायफलीला आडोशाआड पडून, मिनिटाला दहा-बारा फैरींच्या गतीने मारा करता येत असे. नेम शिकायला लागणारी रायफल नाही, काडतुसे नाहीत आणि मैदान नाही, अशा स्थितीत तालमीतला सराव कितीही कसोशीचा असला तरी ही तफावत भरून निघणे अशक्य होते.

सरकारने यापुढे माणसांबरोबर बोअरचेही नियमन सुरू केले, आणि हा भाग संग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मार्टिनी-हेन्रीची गोळी .४५० बोअरची होती. बंडखोरांच्या हाती पडलेल्या मार्टिनींना नागरी बाजारातून गोळ्या मिळू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या बोअरच्या दारूगोळ्याची हिंदुस्थानात आयात बंद झाली, आणि इंग्लंडमधील नामांकित बंदूककारांना केवळ हिंदुस्थानच्या बाजारासाठी .४६५, .४७० अशी नवी मापे शोधावी लागली. वाघ-हत्तीच्या शिकारीसाठी जगभर नावाजलेली ही काडतुसे एका वसाहती बंदीतून जन्मली आहेत. .३०३ बोअरची ली-एनफिल्ड सैन्यात रुळल्यावर तिच्याबाबतही तसेच झाले. बंगालमधील इच्छापूर येथील सरकारी कारखान्यात लष्करासाठी .३०३ रायफल बनत असे, पण नागरिकाला परवान्यावर मिळणारी रायफल त्याच घडणीची असूनही .३१५ बोअरची असे, म्हणजे तिच्यात सैन्याची गोळी जाणारच नाही अशी व्यवस्था होती. पोलीस आणि तुरुंग रक्षकांसाठी तर इच्छापूरने ली-एनफिल्डची नळी आतून कोरून .४१० बोअरची, खाचा नसलेली, एका वेळी एकच काडतूस घेणारी मस्केट बनवली. ती हिसकावली गेली तरी सैन्याच्या काडतुसाने चालणार नाही हा त्यामागचा हिशेब होता. १८५८ सालच्या गुळगुळीत नळीचा विचार निम्म्या शतकानंतरही तसाच जिवंत होता असेच म्हणावे लागते.

रायफलचे तोंड कोणाकडे असते हे पनवेल तालुक्याने २५ सप्टेंबर १९३० रोजी पुन्हा अनुभवले. तेव्हा पनवेलच्या अखत्यारीत असलेल्या उरण भागातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरात जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या आगरी, कोळी, आदिवासी शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सत्याग्रही मरण पावले आणि पनवेलचे मामलेदार जोशीही मारले गेले. सत्याग्रहींच्या हाती कोयते होते, कारण कायदेभंग झाडे तोडून करायचा होता.

या सर्व काळात कोकणच्या खेड्यात अधिकृतपणे टिकून राहिलेले एकच अग्निशस्त्र म्हणजे ठासणीची बंदूक. रानडुकरे, माकडे आणि कोल्हे यांच्यापासून भातशेती, वरी-नाचणीचे डोंगरउतार आणि आंब्याच्या बागा राखण्यासाठी शेतकऱ्याला शेतीसंरक्षणाचा परवाना मिळे आणि त्यावर अशी एकनळी बंदूक बाळगता येई. तिचा परवाना बापाकडून मुलाकडे वारशाने येतो, निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि निकाल लागल्यावर परत आणावी लागते, आणि तिच्याविषयी घरात अभिमान असला तरी तिला संग्राह्य वस्तू समजण्याची कल्पना कोणाच्या मनात येत नाही. परवान्याशिवाय बनवलेल्या अशाच बंदुकींनी चालणाऱ्या चोरट्या शिकारीमुळे तिचे नाव आता वर्तमानपत्रांत गुन्हेवार्तांच्या सदरात येते. एकोणिसाव्या शतकाचे तंत्र एकविसाव्या शतकापर्यंत रोजच्या वापरात टिकवून धरण्याचा मान कोकणाकडे जातो, आणि या मानाचे श्रेय परंपरेपेक्षा शस्त्र कायद्याला अधिक द्यावे लागेल.

नागरी नेमबाजीला वाट मिळाली ती लहान बोअरमधून. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात तिथल्या साध्या शेतकऱ्यांनी दुरून अचूक मारा करून ब्रिटिश सैन्याला जेरीस आणल्यावर इंग्लंडमध्ये कामगार-कारकुनांसाठी स्वस्त सरावाची गरज भासली, आणि १९०१ पासून लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने .२२ बोअरच्या छोट्या रायफलींचे क्लब गावोगावी निघाले. या गोळीला धक्का कमी, आवाज कमी, खर्च नाममात्र आणि मैदान पन्नास पावलांचे पुरते. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने मार्टिनीच्या यंत्रणेवर बसवलेल्या .२२ टार्गेट रायफली याच काळातल्या, सैन्यानेही ली-एनफिल्डचा .२२ बोअरचा अवतार प्रशिक्षणासाठी काढला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली तेव्हा शाळा-महाविद्यालयांतील लाखो मुलांना आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा अखेरचे ज्या रायफलीने गोळी झाडायला मिळाली ती हीच पॉइंट टू-टू होती. दस्ता खांद्याला घट्ट लावणे, गाल लाकडावर टेकवणे, मागच्या छिद्रातून पुढची माशी पाहणे, श्वास अर्ध्यावर रोखणे आणि चाप हिसका न देता दाबणे हा पाठ छात्रसेनेत गेलेला कोणीही मराठी माणूस साठीनंतरही म्हणून दाखवतो.

या खेळाला स्वतंत्र भारतात संस्थात्मक रूप देणारे गृहस्थही मराठीच होते. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावच्या घराण्यातले, अहमदाबादेत वकिली करून मुंबई विधानसभेचे आणि नंतर लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. गांधीमार्गी, वृत्तीने सौम्य अशा या संसदपटूने रायफल संघटनेची धुरा घ्यावी याचा वरकरणी अचंबा वाटतो, पण शस्त्र कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने सुरुवातीपासून धरलेली भूमिका ध्यानात घेतली तर त्यात विसंगती राहत नाही. राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता ठरवणारी मावळंकर स्पर्धा आजही प्रत्येक नवोदित नेमबाजाच्या तोंडी असते, आणि ते नाव कोणाचे हे सांगू शकणारे मात्र थोडेच निघतात.

नव्या राज्याने १८७८ चा कायदा रद्द करून १९५९ चा शस्त्र कायदा केला आणि १९६२ पासून तो अमलात आणला. वंशभेद गेला, पण बोअरभेद राहिला. नियमांच्या अनुसूचीत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या किंवा त्या बोअरची लष्करी काडतुसे चालतील अशा सर्व रायफली निषिद्ध वर्गात गेल्या, आणि त्यांच्या पंगतीला .४१० ची ती पोलिसी मस्केटही बसवली गेली. याउलट त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला .२२ रायफल किंवा हवेची रायफल सरावासाठी वापरताना शस्त्रांच्या कमाल संख्येची अट लागू नाही, अशी सूट आहे. आणि पंचेचाळिसाव्या कलमानुसार कालबाह्य नमुन्याचे किंवा पुरातन मोलाचे, आणि दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही असे शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. या दोन कलमांच्या मधल्या जागेत लष्करी टार्गेट रायफल नेमकी सापडते: ती .२२ नाही म्हणून पहिली सूट नाही, आणि तिच्यातून गोळी सुटते म्हणून दुसरीही नाही. नळी बुजवून निकामी केलेली रायफल भिंतीवर लावता येईल, पण टार्गेट रायफलचे सारे मोल तिच्या नळीत असते. ती बुजवल्यावर उरते ते केवळ लाकूडकाम. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेल्या शस्त्रांनाही तीच मर्यादा लावली, त्यामुळे जुन्या घराण्यांतील शिल्लक संग्रहही पोलीस ठाणे किंवा परवानाधारक विक्रेता यांच्याकडे जमा होण्याच्या मार्गाला लागले.

परदेशी संग्राहक अशा रायफलीत काय पाहतो हे समजून घेतल्याशिवाय हे नुकसान कशाचे आहे ते कळत नाही. बोल्टच्या मागे दस्त्याच्या मानेवर असलेल्या धातूच्या पट्टीवर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुना कोरलेला असतो. इच्छापूरच्या रायफलीवर स्वातंत्र्यानंतर त्याच जागी मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह येतात. बोल्ट, नळी आणि सांगाडा यांवरील क्रमांक जुळतात का, नळी लाकडात कुठे टेकते आणि कुठे मोकळी राहते, मागे पार्कर-हेलसारख्या कंपनीची सूक्ष्म फिरकीची छिद्रदर्शिका बसवली आहे का, यांवरून ती रायफल बराकीत पडून होती की स्पर्धेच्या मैदानावर कोणी जीव लावून बाळगली होती हे उकलते. म्हणजे एका वस्तूवर साम्राज्य, स्वातंत्र्य, कारखाना आणि खेळ या चारही गोष्टींचा दस्तऐवज असतो. इच्छापूरने १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटर बोअरमध्ये बनवलेल्या ली-एनफिल्ड आणि त्या .४१० मस्केटी सेवेतून निघाल्यावर मोठ्या संख्येने अमेरिकेत विकल्या गेल्या, आणि तिथला निवृत्त शिक्षक किंवा मेकॅनिक त्यांच्यावरील अशोकचिन्हाचा अभ्यास करतो. नेपाळच्या जुन्या राजवाड्यातील शस्त्रागारात साचलेल्या हजारो मार्टिनी आणि ब्रन्सविक बंदुकाही २००३ मध्ये अमेरिकी व्यापाऱ्यांनीच उचलल्या. महाराष्ट्रात ही विद्या संग्रहालयांवर सोपवली आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय यांत जुन्या बंदुका आहेत, पण तिथला भर कलाकुसरीवर आणि राजवैभवावर. सरकारी कारखान्यातून लाखोंनी निघालेली साधी रायफल काचेआड ठेवण्याजोगी अजून कोणाला वाटलेली नाही. खंडेनवमीला पोलीस ठाण्यांत हळदकुंकू वाहून पुजली जाणारी थ्री नॉट थ्री सेवेतून उतरली की तिच्यामागे काहीच उरत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ज्या रायफली घेऊन पोलीस स्वयंचलित शस्त्रांसमोर उभे राहिले, निदान त्या नमुन्याची तरी एखादी नोंदीसह जतन व्हायला हवी होती.

पनवेलमध्ये इतिहासाने दुसरेच वळण घेतले. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दहा मीटर हवेच्या रायफलीच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, आणि पुढे पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. त्यांच्याकडे शिकलेल्या राजस्थानच्या अवनी लेखरा यांनी ३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो पॅरालिंपिकमध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये पॅरिस येथे सुवर्णपदक जिंकले. स्वतः शिरूर यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. कर्नाळ्याच्या पंचक्रोशीत, जिथल्या माणसाला एकेकाळी रायफलीला हात लावता येत नव्हता, तिथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलेमुली रायफल शिकायला येतात. त्यांचे दहाचे वर्तुळ म्हणजे दहा मीटरवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, आणि त्याला पुढे ढकलते ती नळकांड्यात दाबून भरलेली हवा. २०१६ च्या नियमांनुसार या बोअरच्या आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या रायफलीला परवानाच लागत नाही. ऑलिंपिकमधील तीनशे मीटरची, म्हणजे मूळ लष्करी पल्ल्याची रायफल स्पर्धा १९७२ नंतर बंद झाल्याने जागतिक खेळही याच दिशेने सरकला होता.

हवेच्या रायफलीला मिळालेल्या परवान्याच्या या सवलतीचा एक परिणाम अजून पुरता लक्षात आलेला नाही. स्पर्धेच्या रायफलीतील हवेच्या नळकांड्यांना उत्पादकाने ठरवलेली साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि ती उलटली की त्यांच्यासह सामन्यात उतरता येत नाही, म्हणून नवी नळकांडी मिळणे बंद झालेली जुनी मॉडेले क्लबांच्या कपाटांत साचत जातात. त्यांच्याही आधीच्या पिढीतील, जर्मनीच्या फाइनवर्कबाऊने १९६० च्या दशकात काढलेल्या, स्प्रिंगवर चालूनही खांद्याला धक्का न देणाऱ्या रायफली भारतात ज्येष्ठ नेमबाजांनी आणल्या होत्या आणि त्यांतल्या अनेक आजही नेम धरतात. त्यांच्यावर राजमुकुट नाही, अशोकस्तंभ नाही आणि त्यांनी युद्ध पाहिलेले नाही. पण पनवेलमधील एखाद्याला जुनी टार्गेट रायफल चालत्या स्थितीत, नळी न बुजवता आणि कायद्याची चिंता न बाळगता जतन करायची असेल, तर आजघडीला ती याच जातीची असू शकते.